रकाने नीट मांडा

शाळेची नोंदवही संगणकावरही ठेवता येते. फाइलमेकरसारख्या प्रणालीत नाव, जन्मतारीख, गुण यांसाठी पडद्यावर वेगवेगळे रकाने मांडतात. रकाना अरुंद असेल, तर 'अब्दुर्रहमान' हे नाव दाखल्यावर 'अब्दुर' एवढेच छापले जाईल. मग दोन कागदांवर दोन नावे! धावपळ मुलाचीच होते. साठवलेले नाव मात्र पूर्णच असते. रकाना रुंद करा, ते पूर्ण दिसेल.

उर्दू नाव उजव्या कडेला लावा, मराठी नाव डाव्या. गुणही उजवीकडे जुळवा, म्हणजे एककाखाली एकक येईल. ५-६ म्हणजे ५ जून की ६ मे? म्हणून महिन्याचे नाव दाखवा.

मांडणीने माहिती बदलत नाही. पण वाचणाऱ्याला ती बरोबर कळते.