बलदची शाळा आणि दाराची किल्ली



जेद्दा हे नाव आपल्या आजी-आजोबांना नवीन नाही. मुंबईत राहिलेल्यांना आठवत असेल, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात हजला निघालेली माणसं उतरायची आणि मग बंदरावरून मुघल लाइनच्या बोटीनं जेद्दाला जायची. १९९५ पर्यंत बोटीनं जाणं चालू होतं. आपण इस्राएलला यायला निघालो आणि आपले शेजारी जेद्दाला, असं कित्येक चाळींत झालं असेल. त्या जेद्दाच्या जुन्या गावाला बलद म्हणतात. अरबीत बलद म्हणजे गावच.

बलदमधली जुनी घरं समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांची. भिंतीत मधेमधे लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या, आणि बाहेर मोठमोठे लाकडी नक्षीचे सज्जे. त्यांना तिथे रोशन म्हणतात. त्यातलं पुष्कळ लाकूड हिंदुस्थानातून जात असे. गावाभोवती तट होता, तो १९४७ साली पाडला. २०१४ साली युनेस्कोनं या भागाला जागतिक वारशाचा मान दिला. दिसायला सुंदर, पण बोळ अरुंद आणि लाकूड जुनं. अशा ठिकाणी आग लागली तर बंब आत कसा न्यायचा, ही काळजी तिथे कायमचीच.

मुलांनो, या बलदमध्ये एक जुनी शाळा आहे. तिचं नाव फलाह. ती १९०५ साली मुहम्मद अली झैनल या व्यापाऱ्यानं काढली. तेव्हा तिथे तुर्कांचं राज्य होतं. झैनल मोत्यांचे व्यापारी आणि त्यांचा धंदा मुंबईत. मोती मुंबईत विकायचे आणि पैसा जेद्दाच्या शाळेला धाडायचा. पुढे त्यांनी मक्केला शाळा काढली आणि मुंबईतही काढली. शाळेसाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या बायकोनं अंगावरचे दागिने काढून दिले, अशी गोष्ट तिकडे सांगतात. झैनल वारले ते मुंबईतच, १९६९ साली.

ही गोष्ट वाचताना आपल्या लोकांना आपली शाळा आठवल्याशिवाय राहणार नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढलं. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननं त्याला मदत केली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आपल्यातले कितीतरी जण तिथेच पाढे शिकले. बलद आणि माझगाव, धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण पद्धत एकच. समाजातल्या चार माणसांनी खिशात हात घालायचा आणि पोरांना शिकवायचं.

धर्मादाय पैशाची एक गंमत आहे बघा. शाळेचा हॉल बांधायला दाता मिळतो. त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावता येते. पण दुसरा जिना बांधायला, बाहेरच्या बाजूला उघडणारं दार बसवायला, आग विझवायचे सिलिंडर दरवर्षी तपासून घ्यायला कोण पैसे देणार? त्यावर पाटी कुठे लावणार? म्हणून हे काम शेवटी सरकारवरच येतं. आणि सरकारनं ते केलं नाही तर काय होतं, हे जेद्दापासून गाडीनं तासाभरावर असलेल्या मक्केत दिसलं.

मक्केची आग, २००२

तेल सापडल्यावर सौदी सरकारकडे पैसा आला. १९६० साली मुलींच्या शाळांसाठी एक वेगळं सरकारी खातं निघालं. मुलींनी शिकायला हवं, हे पुष्कळ घरांना पटलं. शाळेत येणाऱ्या मुली भराभर वाढल्या, पण इमारती तेवढ्या वेगानं उभ्या राहिल्या नाहीत. मग राहायची घरं भाड्यानं घेऊन त्यांच्या शाळा केल्या. घर ते घरच. दहा माणसांसाठी बांधलेला जिना, आणि त्यावरून शेकडो मुलींनी उतरायचं.

११ मार्च २००२ ला मक्केत अशाच एका भाड्याच्या इमारतीतल्या मुलींच्या शाळेला आग लागली. शाळेत सुमारे आठशे मुली होत्या. १५ मुली गेल्या आणि पुष्कळ जखमी झाल्या. ज्या गेल्या त्यातल्या बऱ्याच जणी चेंगराचेंगरीत गेल्या. बाहेरचं दार कुलपात होतं, कारण मुलींच्या शाळेचं दार बंद ठेवायचं हाच तिथला रिवाज होता. डोक्यावर वस्त्र नाही म्हणून धार्मिक पोलिसांनी मुलींना अडवलं, अशा बातम्या सौदी वर्तमानपत्रांनीच छापल्या. सरकारी चौकशीनं ते नाकारलं. पण इमारतीत गर्दी फार होती आणि आगीपासून बचावाची नीट सोय नव्हती, हे मात्र उघड झालं. त्या खात्याच्या प्रमुखाला घरी पाठवलं आणि मुलींच्या शाळा शिक्षण मंत्रालयाकडे दिल्या.

आता बघा, पैसा नव्हता का? होता. शाळा फुकट होती, पुस्तकं फुकट होती. पण पैसा मुली किती शिकतात यावर खर्च झाला. मुली बाहेर कशा पडतील यावर झाला नाही. दार रक्षणासाठीच बंद केलं होतं. चोर आत येऊ नये, परका माणूस आत येऊ नये. पण जे दार बाहेरच्याला आत येऊ देत नाही, तेच आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही.

नऊ वर्षांनी, १९ नोव्हेंबर २०११ ला, खुद्द जेद्दामध्ये एका खासगी मुलींच्या शाळेला आग लागली. मुलींना वाचवता वाचवता शिक्षिका मृत्यू पावल्या. मुलींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. म्हणजे खातं बदललं, साहेब बदलले, तरी प्रत्येक शाळेचा जिना आपोआप बदलत नाही. सरकारी शाळेत पैशाची जबाबदारी सरकारची. खासगी शाळेत पैसा मालकाचा, पण तपासणी कुणी करायची? ती तर सरकारनंच करायला हवी ना!

आपल्या मायदेशी काय झालं

दुसऱ्याच्या घरचं बोलणं सोपं असतं, म्हणून आता आपल्या मायदेशाकडे वळू. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून हिंदुस्थानात अनुदानाची पद्धत आली. शाळा संस्थेनं चालवायची आणि सरकारनं ग्रँट द्यायची. आजी-आजोबांना ते दिवस ठाऊक आहेत. शिक्षणाधिकाऱ्याचं इन्स्पेक्शन येणार म्हटलं की भिंतींना चुना लागायचा. ग्रँटमधून मास्तरांचा पगार निघायचा. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकीच्या खर्चाचे पैसे, नेहमीच तोकडे. महाराष्ट्रात तर मधली काही वर्षं ते बंदच होतं. मग जिना, वायरिंग, कुंपण कशातून करायचं?

१६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमला एका अनुदानित शाळेत आग लागली. स्वयंपाकघरातून ठिणगी उडाली, वरचं छप्पर झावळ्यांचं, जिना अरुंद. ९४ लेकरं गेली. सरकारची ग्रँट त्या शाळेत पोचत होती, पण ग्रँट देताना जिना कुणी मोजला नव्हता. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १३ एप्रिल २००९ ला कोर्टानं सांगितलं की सुरक्षित इमारतीत शिकणं हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. आगीपासून बचावाची सोय नसेल तर शाळेला मान्यता देऊ नये.

महाराष्ट्र सरकारनं २०११ साली शाळेच्या बसगाड्यांसाठी नियम केले. पिवळा रंग, वेगाला लगाम, गाडीत मदतनीस आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती. २०२२ साली शाळांमध्ये सखी सावित्री समित्या नेमायचा हुकूम निघाला, म्हणजे मुलामुलींना काही त्रास असेल तर सांगायला जागा हवी. कागदावर सगळं छान होतं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला एका शाळेच्या आवारातच दोन लहानग्या मुलींना सफाई कामगाराकडून अत्याचार सोसावा लागला. लोक चिडून रेल्वे रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या बंद पडल्या. ठाण्याच्या बाजूला ज्यांचे नातेवाईक अजून राहतात, त्यांच्या घरी तेव्हा फोनवर फोन झाले असतील.

त्यानंतर सरकारनं तातडीनं निर्णय काढला. एक महिन्यात शाळेत सीसीटीव्ही कॅमेरे बसवा, तक्रारपेटी ठेवा, नोकर ठेवण्याआधी त्याची पोलिसांकडून माहिती घ्या. सरकारी आणि झेडपीच्या शाळांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतून पैसे द्यायचं ठरलं. खासगी शाळांनी आपल्या खर्चानं करायचं, नाही केलं तर अनुदान किंवा मान्यता जाऊ शकते. म्हणजे कुंभकोणममध्ये जी गोष्ट सुटली होती, ती इथे धरली. ग्रँटचा पैसा आणि सुरक्षा एकमेकांना बांधली.

तरीही एक शंका राहतेच. कॅमेरा बघतो, पण कॅमेऱ्याकडे कोण बघतं? रोज रेकॉर्डिंग तपासायला माणूस हवा, बालवाडीच्या मुलींबरोबर बाई हवी. यंत्राला एकदा पैसे लागतात, माणसाला दर महिन्याला लागतात. सरकार कुठलंही असो, एकदाचा खर्च ते आनंदानं करतं आणि दर महिन्याचा खर्च आला की फाईल टेबलावरून टेबलावर फिरत बसते.

इथे, आपल्या इस्राएलमध्ये

आपल्या इथली भीती आणखी वेगळी. मे १९७४ मध्ये मालोतला सफेदची मुलं सहलीला गेली होती आणि शाळेत रात्री झोपली होती. दहशतवाद्यांनी त्यांना ओलीस धरलं आणि वीसहून जास्त विद्यार्थी गेले. त्याच वर्षी मिश्मार एझ्राही, म्हणजे नागरी पहारा, सुरू झाला. आपले कितीतरी लोक बंदूक घेऊन मोहल्ल्यात फेऱ्या मारायचे, ते तेव्हापासून. आज शाळेच्या फाटकावर जो शोमेर उभा असतो, तो शाळेनं आपल्या मर्जीनं ठेवलेला नाही. त्यामागे पोलिसांचे नियम आहेत, नगरपालिका आहे आणि सरकारचा पैसा आहे.

पण तो पैसाही मागावा लागतो. स्देरोतची गोष्ट ऐका. तिथे रॉकेटचा भोंगा वाजला की १५ सेकंदांत आडोसा गाठावा लागतो. सरकारनं पहिली ते तिसरीचे वर्ग पक्के केले. चौथीपासून पुढच्या मुलांनी वर्गातून उठून सुरक्षित जागेकडे पळावं, असं ठरवलं. पैसा वाचला. पण ३०-४० मुलं एका दारातून १५ सेकंदांत कशी निघणार? आईबाप बागात्समध्ये गेले. मे २००७ मध्ये कोर्टानं सांगितलं की पळायची सोय पुरेशी नाही, बाकीचे वर्गही पक्के करायला हवेत. खजिन्याचं कुलूप उघडलं ते साध्या आईबापांनी.

मग आपण काय करायचं?

आजी-आजोबांना एक सांगणं आहे. नातवंडाला शाळेत आणायला-सोडायला बहुतेक तुम्हीच जाता. गार्डला बोकेर तोव म्हणताना जरा आजूबाजूला बघा. मागचं दार कुलपात आहे का? असेल तर किल्ली कुणाकडे? आग विझवायच्या सिलिंडरवर तपासणीची तारीख कधीची आहे? मिकलातमध्ये मोडकी बाकं रचून ठेवली आहेत का? काही खटकलं तर पालक समितीला लिहून द्या. हिब्रू लिहायला जमत नसेल तर नातवाकडून लिहून घ्या, त्याचाही अभ्यास होईल. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, कागदाला उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं नाही तर नगरपालिकेकडे जा. आपण बेने इस्राएल लोक मागायला जरा लाजतो, "राहू दे ना" म्हणतो. स्वतःसाठी लाजलो तर चालेल, पोरांसाठी लाजून चालणार नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी चार गोष्टी. धूर दिसला तर खाली वाकून चाला, कारण चांगली हवा जमिनीजवळ असते. दप्तर घ्यायला परत फिरू नका. जिन्यात ढकलू नका, पुढचा पडला की मागचे सगळे अडकतात. आणि कुणी मोठ्या माणसानं "हे घरी सांगू नकोस" असं म्हटलं, तर तीच गोष्ट घरी सगळ्यात आधी सांगायची. आईला सांगा, आज्जीला सांगा. कुणी रागावणार नाही.

झैनल शेठनी मोती विकून शाळा उभी केली, केहिमकरांनी दारोदार फिरून उभी केली. त्यांनी आपलं काम केलं. आता सरकारं आहेत, बजेट आहेत, नियमही आहेत. येत्या आठवड्यात शाळेत जाल तेव्हा त्या मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, एवढं तरी विचारून या.