भाव ग्रुपवर, हिशेब वहीत

आपल्या इंदूर महापालिकेचं '३११' ॲप बघा. कचऱ्याचा फोटो टाकला की तक्रार नोंदली. व्हॉट्सॲपने लोकांना सवय लावली, आता कामाची सॉफ्टवेअरंही तशीच निघतात. २०१८ साली व्हॉट्सॲपनेच धंद्यासाठी वेगळं 'बिझनेस' ॲप काढलं, पुढे त्यात मालाचा कॅटलॉगही आला. आपल्याला ते झेपतं, कारण नवीन काही शिकायला लागत नाही. नाव काठाला लागायच्या आत रोहू-कटल्याचा फोटो व्यापाऱ्याकडे पोचलेला असतो!

पण ग्रुपवर ठरलेला भाव शंभर 'गुड मॉर्निंग'खाली गाडला जातो. वर पाठवणाऱ्याला मेसेज पुसताही येतो, मग भांडायचं कशावर? म्हणून आम्ही वजन आणि भाव त्याच दिवशी सोसायटीच्या वहीत चढवतो. पावती घेतल्याशिवाय माल सोडू नका.