धूर, खोकला आणि फुप्फुसांतील मज्जातंतू

मिरचीची फोडणी करपली की घरातील सर्वांनाच ठसका लागतो, हा नित्याचा अनुभव आहे. या ठसक्यामागे शरीराची एक सावध संरक्षणव्यवस्था आहे. घसा, श्वासनलिका आणि फुप्फुसे यांच्या अस्तरात संवेदी मज्जातंतूंची सूक्ष्म टोके पसरलेली असतात. त्यांतील बहुतेक ‘व्हेगस’ या मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा होत. दाहक पदार्थ आत शिरताच त्या मेंदूस वर्दी देतात. लगोलग खोकला येतो आणि श्वासनलिका आकुंचन पावतात.

या टोकांवर दाहक द्रव्ये ओळखणारी प्रथिने असतात. मिरचीचा तिखटपणा ओळखणारे प्रथिन अमेरिकेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शोधले. संवेदनेविषयीच्या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासमवेत मिळाले. त्याच कुळातील दुसरे प्रथिन चुलीच्या व विडीच्या धुरातील अ‍ॅक्रोलिन हे द्रव्य ओळखते.

धूर क्वचित लागला तर ठसका येऊन त्रास संपतो. तो रोज लागत राहिला, तर अस्तरास सूज येते, त्यातील पेशींना इजा होते आणि सुजेतून स्रवणारी द्रव्ये मज्जातंतूंना अधिक हळवे बनवितात. चाळवलेली टोकेही काही द्रव्ये सोडून सूज व कफ वाढवितात. मग थंड हवा, मोठ्याने बोलणे वा उदबत्तीचा वास एवढ्यानेही उबळ येऊ लागते. वाहनांच्या धुरातील वायूंपासून उन्हात तयार होणारा ओझोनही या टोकांना चाळवतो. त्यामुळे पूर्ण श्वास घेणे अवघड जाते.

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा यासारख्या ठिकाणी ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. फाट्यावर वाहने थांबतात व पुन्हा निघतात. त्यांचा धूर आणि रस्त्याची धूळ टपरीचालकांच्या व प्रवाशांच्या श्वासात जाते. भोवतालचा मुलूख कापसाचा. वेचणीनंतर पऱ्हाट्या चुलीत जातात किंवा शेतातच पेटविल्या जातात. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. मात्र गॅसजोडणी असूनही चूल पेटत राहिली, तर घरातील स्त्रिया व बालके यांची धुरातून सुटका होत नाही.

म्हणून खोकला दाबणारे औषध हा पुरेसा उपाय नव्हे. वर्दी देणारा गप्प होतो, धूर मात्र तसाच राहतो. ग्रामपंचायतींनी कचरा व पऱ्हाट्या जाळण्याऐवजी त्यांचे खत करण्यास उत्तेजन द्यावे. जेथे चूल अपरिहार्य आहे, तेथे धुराडे असावे. वारंवार खोकणाऱ्या मुलाला शिक्षकांनी वर्गाबाहेर न काढता त्याच्या पालकांना आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयरोगाची तपासणी अवश्य करून घ्यावी. धुराचा उगम बंद झाला की सूज ओसरण्यास वाव मिळतो आणि हळवे झालेले मज्जातंतू हळूहळू शांत होऊ शकतात.