पावसाळी बटाट्याला थांबता येत नाही

दसरा तोंडावर आलाय. शनिवारचा बाजार म्हणून चाकणच्या महात्मा फुले मार्केटमध्ये सकाळपासून पिकअपची रांग लागली आहे. सातगाव पठारावरून आलेले कट्टे आडत्याच्या गाळ्यापुढे उतरतायत. खरेदीदार मात्र अजून इकडे फिरकलेले नाहीत. ते पलीकडच्या ट्रकभोवती आहेत. त्या ट्रकमध्ये आग्र्याचा बटाटा आहे. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये निघाला आणि तेव्हापासून शीतगृहात होता. कोरडा, जाड सालीचा, एकसारख्या आकाराचा माल.

पठारावरच्या तात्यांचा माल कालच काढलेला आहे. एक बटाटा उचलून मी अंगठा फिरवते तर साल पापुद्र्यासारखी सुटते, खालचा ओला गर बोटाला लागतो. खरिपाचा बटाटा असाच. मृगाच्या पावसावर लावायचा आणि भाद्रपद-आश्विनात ओल्या रानातून काढायचा. साल पक्की व्हायला त्याला उसंतच मिळत नाही.

"उन्हाळ्यातला असता तर आरण लावून महिना-दोन महिने धरला असता," तात्या म्हणतात. "हा चार दिवसांत पाणी सोडतो, ताई. एक नासला की अख्खा कट्टा घेऊन जातो."

उन्हाची तिरीप आली तशी त्यांची सून चटकन ताडपत्री ओढून घेते. उन्हात बटाटा हिरवा पडतो आणि हिरव्याला कुणी हात लावत नाही. पहाटे तिनंच शेतावर निवड केली आहे: मोठा, मध्यम, गोल्टी, कापलेला. नखांत अजून माती आहे.

आता लिलाव इकडे येतो. हमाल एक कट्टा उसवून फरशीवर ओततो. खरेदीदार वाकतो, एक बटाटा चाकूने चिरून आतला गर बघतो, दुसरा हातात तोलतो.

"माती लई हाय."

"पाऊसच उघडला नाही, शेठ. चिखलातनं काढलाय," तात्या सांगतात.

आडत्या दहा किलोचा भाव पुकारायला लागतो. ९० वरून १००, मग १०५. तिथं आवाज अडतो. आडत्या पुन्हा पुकारतो, मालाची तारीफ करतो, पलीकडून कुणीतरी ११० म्हणतं आणि वक्कल सुटतं. दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपलं. तात्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी नको म्हणायची सोय कुठं आहे? माल परत न्यायचा तर गाडीभाडं पुन्हा अंगावर, आणि घरी पोचेपर्यंत खालचे कट्टे भिजलेले. आग्र्याच्या मालाला आज भाव पटला नाही तर तो पुढच्या बाजाराची वाट बघू शकतो. मला इथं उभं राहून खुपतं ते हेच. दोन्ही माल एकाच फरशीवर उभे आहेत, पण वाट बघायची मुभा एकालाच आहे.

शेजारच्या पिकअपमध्ये वेफर्सच्या जातीचा बटाटा आहे. पठारावर बरेच जण कंपनीशी करार करून तो लावतात. दर आधी ठरतो, हा मोठा आधार. पण आकारात न बसलेला, कापलेला, हिरवट डाग पडलेला माल कंपनी घेत नाही. तो असा बाजारात येतो.

पट्टी बनेपर्यंत तात्या हिशेब मांडतात. जूनमध्ये जालंधरचं बियाणं १५०० रुपये कट्टा पडलं. यंदा करप्यानं पाला लवकर गेला, म्हणून बियाण्याच्या एका कट्ट्याला गळीत सातच कट्टे. दरसाल दहा तरी बसतं. सात कट्ट्यांचे आजच्या भावानं ३८५० रुपये. त्यातून बियाणं, खत, करप्याच्या फवारण्या, काढणीची मजुरी, गाडीभाडं. २०१६ पासून आडत शेतकऱ्याकडून घेत नाहीत, ती खरेदीदाराच्या माथी गेली. हमाली आणि तोलाई पट्टीतून कापली जातेच.

"कांदा-बटाटा-टोमॅटोसाठी सरकारनं काहीतरी काढलं होतं ना?" सून मला विचारते. होतं. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात 'ऑपरेशन ग्रीन्स' जाहीर झालं, ५०० कोटींचं. मी तसं सांगते. तिचा पुढचा प्रश्न सरळ आहे: "मग गव्हा-सोयाबीनसारखा बटाट्याला हमीभाव का नाही?" नाशवंत माल सरकार खरेदी करून ठेवणार कुठं, असं उत्तर नेहमी दिलं जातं. ते तिच्यासमोर बोलायला माझी जीभ रेटत नाही. नासण्याची सगळी जोखीम एकट्या तिच्या घरानं का घ्यायची, याचं उत्तर त्यात नाही.

पट्टी येते. जूनमधलं बियाणं तात्यांनी याच गाळ्यावरून उधार उचललं होतं, ती रक्कम आधी वळती झाली आहे. उरलेल्या नोटा दोनदा मोजून ते सुनेच्या हाती देतात. ती त्यातून गाडीवाल्याचं भाडं चुकतं करते. तात्या पुन्हा गाळ्याच्या पायरीवर चढतात.

"शेठ, रब्बीचं बियाणं कधी उतरतंय? आमचे वीस कट्टे धरा."

"दिवाळीच्या आसपास. भाव मात्र आत्ताच सांगत नाही, तात्या."

"धरा तर खरं," तात्या म्हणतात आणि शेठ वहीत वीसचा आकडा टाकतात.