हवा दबते, पाणी दबत नाही

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बंदी उठायच्या सुमारास मिरकरवाडा असो की ससून डॉक, जाळी विणून तयार असतात, बर्फाची सोय झालेली असते आणि नेमकं इंजिन रुसतं. सेल्फ मारला की घरघर होते, पण पेट काही घेत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने १८९० च्या दशकात घडवलेल्या या यंत्राची सगळी मदार दाबावर. सिलिंडरमधली हवा सोळा ते वीस पट कमी जागेत कोंबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि त्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. मात्र ही हवा झटक्यात दाबावी लागते. इंजिन रेंगाळत फिरलं तर उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती पिऊन टाकतात. म्हणून आधी बॅटरी बघायची. पूर्ण चार्ज झालेली, विश्रांतीतली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. तरीही सेल्फ मंद असेल, तर खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या टर्मिनलवर संशय घ्यावा. २०० अँपिअर प्रवाहाला तिथे ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा झाला, तरी दोन व्होल्ट वाटेतच जातात.

सेल्फ जोरात फिरतोय? मग धुराड्याकडे पाहा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. धूरच नसेल तर ते पोचतच नाही. तेव्हा बंद करायची दोरी ओढलेली राहिली नाही ना, हे आधी बघा. अनुभवी मिस्त्रीही इथे फसतो!

त्यानंतरची मोठी शक्यता म्हणजे पाइपात शिरलेली हवा. नोझल उघडायला वातावरणाच्या दोनशेपट वगैरे दाब लागतो. पंप तो डिझेलवर सहज आणतो, कारण द्रव जवळजवळ दबतच नाही. मध्ये बुडबुडा असला, की पंपाचा धक्का तो स्पंजासारखा गिळतो. सिलिंडरमध्ये हवेचा जो गुण इंजिन चालवतो, तोच इथे त्याला अडवतो. ‘एअर काढणे’ म्हणजे फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, फेस संपून निखळ डिझेल येईपर्यंत हातपंप मारणे. फिल्टरात पाणी साचलं असेल तर तेही तेव्हाच काढावं; अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळी दमट हवेचं पाणी होतंच, आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर वाढणारे सूक्ष्मजीव फिल्टर बुजवतात. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात मात्र कधीही धरू नये, तो कातडीत घुसतो.

थंडाव्याचं खारं पाणी धुराड्यात सोडणाऱ्या बोटींत आणखी एक धोका आहे. इंजिन न पेटता सेल्फ मारतच राहिलं, तर हे पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. ते मागे सरकत सिलिंडरमध्ये येतं. पिस्टन वर येतो, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून लांबलचक प्रयत्नांआधी समुद्राच्या पाण्याचा वाल्व बंद करावा आणि इंजिनाने पेट घेताच लगेच उघडावा, नाहीतर पंपातला रबरी पंखा कोरडा फिरून जळतो.