नेच्याची वेल आणि इवलासा कोळी

माडाच्या कोवळ्या नारळांवर तपकिरी चट्टे पाडणारा सूक्ष्म कोळी आपल्या बागाईतदारांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. १९९८ साली तो केरळात आढळला, आणि तेव्हापासून त्याचे नाव निघताच कपाळाला आठ्या पडतात. त्याच कुळातील दुसऱ्या एका कोळ्याला अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मात्र मुद्दाम बोलावून नेण्यात आले, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल.

तेथील वैरी आहे एक नेचा. लायगोडियम मायक्रोफायलम हे त्याचे शास्त्रीय नाव. आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया येथील ओलसर राने हे त्याचे माहेर; भारतही त्यातच आला. शोभेसाठी म्हणून तो फ्लोरिडात नेला गेला आणि १९६० च्या सुमारास बागेचे कुंपण ओलांडून रानात शिरला. (आपल्याकडे टणटणीही शोभेसाठीच आली होती!) याच्या एका पानाचा कणा वेलीसारखा चढत तीस मीटरपर्यंत जातो. बीजुके वाऱ्यावर उडतात आणि एकट्या बीजुकातूनही नवी वस्ती उभी राहू शकते. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत झाडांची लहान लहान बेटे आहेत. त्यांच्यावर हा नेचा गोधडीसारखा पसरतो आणि खालची झाडे उजेडावाचून गुदमरतात. त्याहून वाईट म्हणजे वणवा. एरवी पाण्याच्या काठी विझणारी आग या वाळलेल्या वेलीची शिडी करून थेट शेंड्याला पोहोचते. तोडावे तर पुन्हा फुटतो, औषध फवारावे तर शेजारची झाडेही होरपळतात.

माहेरी हा इतका का मातत नाही, असा प्रश्न शास्त्रज्ञांनी केला. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील अमेरिकन कृषिखात्याच्या प्रयोगशाळेने शोध घेतला, तेव्हा फ्लोराकारस पेरेपी हा कोळी हाती लागला. याला पायांच्या दोनच जोड्या. नुसत्या डोळ्यांना तो दिसणेही कठीण. कोवळ्या पानाच्या कडेचा रस तो शोषतो, तशी कड आत वळून सुरळी होते. त्या सुरळीतच त्याचा संसार थाटतो आणि पान सुकत जाते.

परंतु प्रत्येक प्रदेशाचा कोळी प्रत्येक नेच्याला मानवत नाही. आनुवंशिक खुणा जुळवून पाहता फ्लोरिडाचा नेचा क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाकडील, केप यॉर्कच्या नेच्याशी मिळाला. म्हणून कोळीही तेथलाच घेतला. इतर वनस्पतींना तो उपद्रव देतो काय, याच्या कसून चाचण्या झाल्या. हा उशीर कित्येकांना नकोसा वाटला असेल. पण परकी जात एकदा सोडल्यावर परत बोलावता येत नाही, तेव्हा तो आवश्यकच होता.

२००८ पासून कोळी सोडण्यात आले. आरंभी निराशाच पदरी पडली. काही नेच्यांनी त्यांना दादच दिली नाही. त्याच सुमारास सोडलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी मात्र पानांचा फडशा पाडण्यास लवकर सुरुवात केली. पुढे कोळीही सोडलेल्या जागांपासून दूर आढळू लागला. तो एकटा नेचा मारीत नाही, त्यामुळे कोयता व फवारा अजून सुटलेले नाहीत. तोडणीनंतर जी कोवळी पालवी फुटते, तिच्यावर मात्र तो नेमका जाऊन बसतो.