सुरतेचा तह (१७७५)

सुरतेचा तह हा पदच्युत पेशवा रघुनाथराव (राघोबादादा) आणि ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबई सरकार यांच्यात मार्च १७७५ मध्ये सुरत येथे झालेला करार होय. रघुनाथरावाला पुन्हा पेशवेपदावर बसविण्यासाठी कंपनीने फौज द्यावी आणि त्याच्या मोबदल्यात त्याने साष्टी, वसई व अन्य उत्पन्न कंपनीला तोडून द्यावे, असे या कराराचे थोडक्यात स्वरूप होते. या तहातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध (१७७५–१७८२) उद्भवले. गेलेली सत्ता परत मिळवण्यासाठी एखाद्या नेत्याने परकीय शक्तीला राज्याच्या अंतर्गत वादात ओढल्याचे उदाहरण म्हणून मराठ्यांच्या इतिहासात या तहाची नेहमी चर्चा होते. तहाच्या आधीच्या घडामोडींचा आणि त्याच्या दूरगामी परिणामांचा खानदेशाशी, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांशी आणि लगतच्या बुऱ्हाणपूर परिसराशी, निकटचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

रघुनाथराव हा थोरल्या बाजीरावाचा धाकटा मुलगा. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरपर्यंत पोहोचल्या, त्या मोहिमेचे नेतृत्व त्याच्याकडे होते. पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्याचा मृत्यू झाला आणि त्याचा मुलगा माधवराव पेशवा झाला. तेव्हापासून चुलत्या-पुतण्यांत कारभाराच्या वाटणीवरून तेढ होती. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवरावाचे थेऊर येथे निधन झाले व त्याचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाचा खून केला.

पेशवेपद हे लोकांनी निवडून देण्याचे पद नव्हते. साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे मिळाली म्हणजे ते अधिकृत होई. मात्र प्रत्यक्षात सरदार, मुत्सद्दी आणि न्यायाधीश यांची मान्यता नसेल तर नुसत्या वस्त्रांवर कारभार चालत नसे. रघुनाथरावाला वस्त्रे मिळाली, पण मान्यता मिळाली नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावाच्या खुनाचा दोष त्याच्यावर ठेवला आणि पुण्यातील कारभारी मंडळी त्याच्यापासून दूर झाली. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदींनी एकत्र येऊन कारभार हाती घेतला. हे राजकारण ‘बारभाईंचे कारस्थान’ या नावाने ओळखले जाते. नारायणरावाची विधवा गंगाबाई हिला १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर पुत्र झाला. तोच सवाई माधवराव होय. अवघ्या ४० दिवसांच्या या बालकाला पेशवेपदाची वस्त्रे देण्यात आली. त्यामुळे रघुनाथरावाच्या पदाचा कायदेशीर आधारही संपला.

खानदेशमार्गे गुजरातकडे

रघुनाथराव त्या वेळी दक्षिणेच्या मोहिमेवर होता. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगाव येथे त्याने बारभाईंच्या बाजूच्या त्रिंबकराव पेठे यांचा पराभव केला. पेठे या लढाईत जखमी होऊन मरण पावले. असे असूनही रघुनाथरावाने पुण्याची वाट धरली नाही. तो उत्तरेकडे वळला आणि तापीकाठच्या बुऱ्हाणपुरास पोहोचला. शिंदे आणि होळकर आपल्या बाजूने उभे राहतील, अशी त्याची अपेक्षा होती.

या हालचालींत खानदेशाला महत्त्व येण्याचे कारण भौगोलिक होते. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या मार्गाने बुऱ्हाणपूरला जाणारी वाट हा पश्चिम किनारा व उत्तर हिंदुस्थान यांना जोडणारा जुना व्यापारी मार्ग होता. १७५२ च्या भालकीच्या तहानंतर आणि १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हा प्रदेश निजामाकडून मराठ्यांकडे आला होता. त्याचे परगणे पेशवे, शिंदे आणि होळकर यांच्यात वाटले गेले होते. म्हणजे ज्यांचा पाठिंबा रघुनाथरावाला हवा होता, त्यांच्याच मुलुखाच्या तोंडाशी तो उभा होता.

शिंदे-होळकरांनी त्याला निर्णायक साथ दिली नाही. आपली गरोदर पत्नी आनंदीबाई हिला धारच्या किल्ल्यात ठेवून तो गुजरातेत उतरला. धार येथेच जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. गुजरातेत गोविंदराव गायकवाड त्याच्या बाजूने होता. पण फेब्रुवारी १७७५ मध्ये हरिपंत फडके यांच्या फौजेने मही नदीच्या परिसरात त्याचा पराभव केला. तेव्हा तो खंबायतला व तेथून समुद्रमार्गे सुरतेला इंग्रजांच्या आश्रयास गेला.

वाटाघाटी आणि तहाची कलमे

इंग्रजांशी बोलणी १७७४ पासूनच चालू होती. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आणि त्याच्या सल्लागारांना साष्टी व वसई हवी होती. मुंबई बंदराच्या संरक्षणासाठी आणि तेथील लोकवस्तीच्या अन्नधान्यासाठी हा मुलूख आवश्यक आहे, असे त्यांचे मत होते. रघुनाथरावाने प्रारंभी या मागणीस नकार दिला. वसई ही १७३९ मध्ये त्याचा सख्खा चुलता चिमाजी आप्पा याने पोर्तुगिजांकडून मोठ्या प्राणहानीनंतर जिंकलेली होती. कंपनीने मात्र तह होण्याची वाट पाहिली नाही. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस तिने ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला व साष्टी ताब्यात आणली. सुरतेला आलेल्या रघुनाथरावाकडे त्यानंतर घासाघीस करण्याजोगे काही उरले नव्हते.

तहाची प्रमुख कलमे अशी होती :

१. कंपनीने रघुनाथरावाच्या मदतीस सुमारे २,५०० सैनिक द्यावेत. त्यांत किमान ७०० युरोपीय असावेत.
२. या फौजेच्या खर्चापोटी रघुनाथरावाने दरमहा दीड लाख रुपये द्यावेत. हमी म्हणून सहा लाख रुपयांचे जडजवाहीर कंपनीकडे ठेवावे.
३. वसई, साष्टी व मुंबईलगतची बेटे कंपनीला कायमची द्यावीत. भडोच व सुरत येथील महसुलातील हिस्साही तिला द्यावा.
४. बंगाल आणि कर्नाटक येथील कंपनीच्या हितसंबंधांवर मराठ्यांनी स्वाऱ्या करू नयेत.
५. रघुनाथरावाने पुणे दरबाराशी समेट केल्यास त्यात कंपनीला सामील करून घ्यावे.

पाचव्या कलमाचा अर्थ दूरवर पोहोचणारा होता. यापुढे पेशवे घराण्यातील वाद आपापसांत मिटवण्याचे स्वातंत्र्यही रघुनाथरावाजवळ राहिले नाही.

कलकत्त्याचा आक्षेप

हा तह कंपनीच्या अंतर्गत व्यवहारातही वादग्रस्त ठरला. ब्रिटिश संसदेने १७७३ मध्ये केलेल्या रेग्युलेटिंग ॲक्टनुसार युद्ध व तह यांच्या बाबतीत मुंबई सरकारवर कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलचे व त्याच्या कौन्सिलचे नियंत्रण होते. मुंबईने कलकत्त्याची संमती न घेताच तह केला आणि युद्धही सुरू केले. कर्नल कीटिंगच्या हाताखालील फौज गुजरातेत रघुनाथरावाला मिळाली. १८ मे १७७५ रोजी अडास येथे लढाई झाली. तीत इंग्रजांची सरशी झाली, तरी त्यांचीही मोठी हानी झाली.

गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या कौन्सिलने हा तह अनधिकृत व अन्याय्य ठरवला. मुंबई सरकारला लढाई थांबवण्याचा हुकूम देण्यात आला आणि कर्नल अप्टन याला पुणे दरबाराशी बोलणी करण्यास पाठवण्यात आले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्याने सुरतेचा तह रद्द झाला. रघुनाथरावाने नेमणूक घेऊन कोपरगाव येथे राहावे, असे ठरले. मात्र साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मदत रद्द झाली, पण मदतीची किंमत परत मिळाली नाही, ही या प्रकरणातील लक्षणीय बाब होय.

वडगाव ते सालबाई

मुंबई सरकारने पुरंदरचा तह मनापासून स्वीकारला नाही व रघुनाथरावाला आश्रय देणे चालू ठेवले. लंडनमधील कंपनीच्या संचालकांनी सुरतेच्या तहाला अनुकूलता दाखवल्याने मुंबईकरांना बळ मिळाले. त्यातच सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच प्रतिनिधी पुण्यात आला. त्यामुळे पुणे दरबार फ्रेंचांची मदत घेणार, या भीतीने इंग्रजांचा संशय वाढला. एका पक्षाने परकीयांना जवळ केले की दुसऱ्या पक्षालाही दुसऱ्या परकीयांशी संधान बांधण्याचा मोह होतो, हे यातून दिसते.

रघुनाथरावाला घेऊन पुण्याकडे निघालेल्या मुंबईच्या फौजेला मराठ्यांनी तळेगाव-वडगाव परिसरात कोंडले आणि जानेवारी १७७९ मध्ये तिला वडगावचा करार करावा लागला. रघुनाथराव महादजी शिंद्याच्या स्वाधीन झाला, पण पुढे उत्तरेकडे नेले जात असताना निसटून पुन्हा सुरतेस गेला. हेस्टिंग्जने वडगावचा करार नाकारला व युद्ध चालू ठेवले. अखेर १७ मे १७८२ रोजी महादजीच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी सवाई माधवरावाला पेशवा म्हणून मान्यता दिली आणि वसई परत केली. साष्टी त्यांनी स्वतःकडे ठेवली. रघुनाथरावाला दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली. कोपरगाव येथे गेल्यानंतर थोड्याच काळात त्याचा मृत्यू झाला. ज्या पदासाठी त्याने हा खटाटोप केला, ते त्याला पुन्हा मिळाले नाही.

पुनरावृत्ती आणि खानदेशावरील परिणाम

रघुनाथरावाचा मुलगा दुसरा बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने पुण्याजवळ हडपसर येथे पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. तेव्हा बाजीराव पळून वसईला गेला व ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या संरक्षणात तो पुण्यास परतला. वडिलांना जे साधले नाही ते त्याला साधले, परंतु तैनाती फौजेच्या अटीने पेशवाईचे स्वातंत्र्य संपले.

या संघर्षाची झळ खानदेशाला प्रत्यक्ष बसली. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी हा प्रदेश लुटला. शेते पडीक राहिली आणि १८०३-०४ मध्ये भीषण दुष्काळ पडला. धुळे गाव ओस पडले. पुढे विंचूरकरांचा आश्रित बाळाजी बळवंत याने लोकांना परत बोलावून ते पुन्हा वसवले. ही लूट वसईच्या तहाचा परिणाम नव्हती, तिचा काळ तहाच्या आधीचा आहे. मात्र लूट आणि तह या दोहोंचे मूळ पुण्याच्या गादीभोवतीच्या एकाच सत्तास्पर्धेत होते. तहानंतरच्या युद्धात ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रजांनी बुऱ्हाणपूर व असीरगड घेतले.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांना दिला. त्यात खानदेशातील परगणे होते. ते ताब्यात घेण्यासाठी जनरल हिस्लॉपची फौज आली असता २७ फेब्रुवारी १८१८ रोजी थाळनेरच्या किल्ल्यावर चकमक उडाली. किल्ल्यातील शिबंदीची कत्तल झाली व किल्लेदार तुळशीराम याला फाशी देण्यात आले. त्याच वर्षी ३ जून रोजी दुसऱ्या बाजीरावाने असीरगडाच्या परिसरात जॉन माल्कम याच्या स्वाधीन होऊन पेशवेपद सोडले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्याचे वडील पाठिंब्याच्या शोधात ज्या बुऱ्हाणपुरास आले होते, ते तेथून जवळच आहे. यानंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा पोलिटिकल एजंट झाला व धुळे हे कारभाराचे ठाणे बनले.

मूल्यमापन

अंतर्गत वैरासाठी परकीयांची मदत घेणे ही सुरतेच्या तहापूर्वीही अपरिचित गोष्ट नव्हती. नानासाहेब पेशव्याने १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध इंग्रजांना सोबत घेतले होते. रघुनाथरावानेही १७६२ मध्ये माधवरावाविरुद्ध निजामाचे साहाय्य घेतले होते. सुरतेच्या तहाचे वेगळेपण त्याच्या अटींत आहे. येथे पेशवेपद हाच व्यवहाराचा विषय होता, आणि जी भूमी द्यायची ती देणाऱ्याची खाजगी मालमत्ता नसून राज्याची होती. शिवाय ज्याच्या हातून ती दिली जात होती, त्याचा पेशवेपदावरील हक्कच वादग्रस्त होता. त्यामुळे तह मान्य करावा तर आधी त्याला पेशवा मानावे लागे, आणि पेशवा मानावे तर खुनाचा प्रश्न डोळ्याआड करावा लागे.

नारायणरावाच्या खुनानंतरच्या या कालखंडावर वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तील पत्रांनी मोठा प्रकाश पडला आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’त त्याचे सविस्तर विवेचन आहे. मराठ्यांच्या इतिहासाची साधने आयुष्यभर गोळा करणारे वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांचा संग्रह तेथील राजवाडे संशोधन मंडळात जतन केलेला आहे.

आधुनिक संदर्भ

लोकशाही राज्यांत सत्ता मतदानाने मिळते, तरी परकीय मदतीचा प्रश्न संपलेला नाही. २५ जुलै २०१९ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांचे युक्रेनचे अध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की यांच्याशी दूरध्वनीवरून संभाषण झाले. त्यात ट्रम्प यांनी आपले संभाव्य प्रतिस्पर्धी जो बायडन यांच्या चौकशीची मागणी केली. युक्रेनची मंजूर लष्करी मदत त्या काळात रोखलेली होती. पुढील निवडणुकीत लाभ मिळावा म्हणून परकीय सरकारवर दबाव आणल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. तो त्यांनी नाकारला. १८ डिसेंबर २०१९ रोजी प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला व ५ फेब्रुवारी २०२० रोजी सिनेटने त्यांना दोषमुक्त केले. भारतात परकीय अंशदान नियमनाचा कायदा प्रथम १९७६ मध्ये झाला व २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या कायद्यान्वये राजकीय पक्ष व निवडणुकीतील उमेदवार यांना परकीय देणगी स्वीकारण्यास मनाई आहे.

या प्रसंगांची परिस्थिती सुरतेच्या तहापेक्षा सर्वस्वी भिन्न आहे. तरीही त्यांतील मूळ प्रश्न एकच आहे : सार्वजनिक पदाचा धारक किंवा दावेदार त्या पदासाठी परकीयांना जे देऊ करतो, ते देण्याचा अधिकार त्याला असतो काय? सुरतेच्या तहाच्या बाबतीत पुणे दरबाराने आणि कलकत्त्याच्या कौन्सिलनेही तह अमान्य केला. तरीसुद्धा साष्टी मराठ्यांना परत मिळाली नाही.